ट्रकमधली पेटी: आधी मोजपट्टी, मग खरेदी

आपल्या मंडळात ‘पेटी’ म्हटलं की डोळ्यांपुढे हार्मोनियम येते. पण गेल्या काही वर्षांत उन्हाळी सहलींत आणखी एका पेटीवर बरीच चर्चा रंगते. नोकरीतून निवृत्त झालेली, मुलं मार्गी लागलेली जोडपी मोठा पिकअप ट्रक आणि त्याला साजेसा फिफ्थ व्हील ट्रेलर घेतात आणि महिना-दोन महिने येलोस्टोनपासून फ्लोरिडाच्या किनाऱ्यापर्यंत भटकून येतात. ट्रक घेतला, ट्रेलर घेतला, की तिसरा प्रश्न ठरलेला असतो: “ट्रकमध्ये टूलबॉक्स कुठला बसवावा हो?”

प्रश्न साधा वाटतो. दुकानात चकचकीत ॲल्युमिनियमच्या पेट्यांची रांगच मांडलेली असते. आपल्या ट्रकच्या रुंदीची एक उचलायची, चार बोल्ट आवळायचे, झालं! सुतारकाम किंवा नळदुरुस्ती करणाऱ्या माणसाच्या ट्रकसाठी हे खरंही आहे. फिफ्थ व्हील ओढणाऱ्यांसाठी मात्र पेटीची निवड पेटी बघून होत नाही, ट्रेलर बघून होते. आणि ट्रेलरही सरळ रेषेत उभा असताना बघून चालत नाही. तो वळलेला आणि कललेला असताना काय होतं, ते आधी पाहावं लागतं. हे गणित जमलं नाही तर पेटीचं झाकण चेपतं, ट्रेलरच्या नाकाडाला खोक पडते, कधी ट्रकची मागची काचही जाते. वजनाचं गणित चुकलं तर त्याहून मोठं संकट उभं राहतं.

नाव पाचव्या चाकाचं

फिफ्थ व्हील हे नाव ऐकून नवखा माणूस आधी ट्रेलरची चाकं मोजतो. हे नाव जुन्या घोडागाड्यांपासून आलेलं आहे. चारचाकी घोडागाडीच्या पुढच्या ॲक्सलवर एक आडवं लोखंडी कडं असे. गाडी वळताना पुढची चाकं त्या कड्यावर फिरत. चार उभ्या चाकांच्या सोबतीचं हे पाचवं, आडवं चाक. आज त्याच्या जागी घोड्याच्या नालासारखी जाड लोखंडी प्लेट असते. ती ज्या सांगाड्यावर बसते तो हिच. ट्रेलरच्या नाकाडाखाली २ इंच व्यासाचा जाडजूड खिळा असतो, तो किंगपिन. तो त्या नालात शिरतो आणि जबड्यात अडकतो.

हा हिच ट्रकच्या मागे बंपरला नसतो, हौद्यात असतो, मागच्या ॲक्सलच्या बरोबर वर किंवा दोन-चार इंच पुढे. म्हणजे ट्रेलरचा पुढचा भाग, ज्यात बहुतेक वेळा झोपायची खोली असते, तो हौद्यावर तरंगतो. यामुळेच फिफ्थ व्हील वाऱ्यात कमी डुलतो आणि रस्त्यावर शहाण्यासारखा वागतो. पण यामुळेच आपला हौदा आपला राहत नाही. आता तिथे एक भाडेकरू आहे, आणि तो वळताना बराच हात-पाय पसरतो.

वळताना: शाळेतला पायथागोरस

ट्रकच्या केबिनची मागची भिंत आणि किंगपिन यांच्यातलं अंतर ही पहिली मोजणी. ८ फुटी हौद्यात ते साडेचार फुटांच्या आसपास भरतं. साडेसहा फुटी हौद्यात सव्वातीन ते साडेतीन फूट. गाडीगणिक थोडा फरक पडतो, म्हणून आपलं आपण मोजलेलं बरं.

आता ट्रेलर घ्या. तो ८ फूट रुंद असेल, तर किंगपिनपासून त्याची कड ४ फुटांवर. काही ट्रेलर साडेआठ फूट रुंद असतात, तिथे तीन इंच आणखी वाढतात. किंगपिनपासून ट्रेलरच्या नाकाडापर्यंतचं अंतर समजा ३ फूट आहे. ट्रेलर सरळ उभा असताना ८ फुटी हौद्यात नाकाड आणि केबिन यांच्यात दीड फूट मोकळी जागा दिसते. बघून वाटतं, भरपूर आहे की!

पण ट्रेलर किंगपिनभोवती फिरतो, तेव्हा पुढे येतो तो त्याचा कोपरा. ४ फूट आणि ३ फूट बाजूंच्या काटकोन त्रिकोणाचा कर्ण किती, हे आपल्यापैकी कोणालाही झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल: ५ फूट. म्हणजे कोपरा अगदी चौकोनी असता, तर साडेचार फुटांवरच्या केबिनला तो लांब हौद्यातही लागला असता. तोही पूर्ण ९० अंश वळायच्या आधी, साधारण २७ अंशांवरच. म्हणून तर हल्लीच्या ट्रेलरांचे पुढचे कोपरे गोल केलेले किंवा आत कापलेले असतात. छोट्या हौद्यात कोपरे कापूनही भागत नाही. तिथे ट्रेलरची अर्धी रुंदीच केबिनच्या अंतरापेक्षा जास्त असते. त्यावर दोन तोडगे आहेत. एक म्हणजे अवघड वळणाआधी किंगपिन सुमारे फूटभर मागे सरकवून देणारा सरकता हिच. दुसरा, ट्रेलर फिरण्याचा बिंदूच कायम मागे नेणारा खास पिनबॉक्स.

पेटीच्या दृष्टीने यातून दोन गोष्टी निघतात. पहिली, केबिनला लागून बसवायची नेहमीची आडवी पेटी पुढून मागे साधारण २० इंच खोल असते, त्यामुळे ट्रेलरचं नाकाड वळताना तिच्यावरून फिरणार हे नक्की. छोट्या हौद्यात तर सरळ चालतानाही ते पेटीच्या वरच असतं. दुसरी, सरकत्या हिचचा पाया साध्या हिचपेक्षा लांब असतो. तेव्हा केबिनपासून हिचच्या पुढच्या टोकापर्यंत हौद्याच्या तळावर किती इंच उरतात, हे वेगळं मोजावं लागतं. दुकानदार ट्रकचं मॉडेल विचारून पेटी देतो. हिच कुठला आहे, हे बहुधा विचारत नाही.

चढताना: बारात एक

ट्रेलर पेटीच्या वरून फिरणारच असेल, तर खरा प्रश्न उंचीचा आहे. हौद्याच्या कडेचा वरचा काठ आणि ट्रेलरचा तळ यांच्यात निदान ६ इंच अंतर असावं, असं फिफ्थ व्हीलवाल्यांमध्ये सर्वसाधारणपणे मानलं जातं. हौद्याच्या कडांवर टेकणाऱ्या आडव्या पेटीचं झाकण या ६ इंचांतला वाटा खातं. साध्या पेटीचं झाकण बरंच वर येतं, ‘लो प्रोफाइल’ म्हणून विकली जाणारी थोडं कमी. समजा ३ इंच गेले. उरले ३ इंच.

सपाट रस्त्यावर ३ इंच पुरतात. पण पेट्रोल पंपात शिरताना रस्त्यापासून वर चढणारा उतरता काठ आठवा. ट्रकची पुढची चाकं वर चढली, ट्रेलर अजून खालीच आहे. अशा वेळी हौद्याची पुढची बाजू ट्रेलरच्या नाकाडाकडे उचलली जाते. किंगपिनच्या पुढे ३ फुटांवर ३ इंच, म्हणजे ३६ इंचांत ३, म्हणजे १२ इंचांत १. ट्रक आणि ट्रेलर यांच्यात इतका कोन पडला, की अंतर शून्य. तेरा-चौदा फूट व्हीलबेसच्या ट्रकची पुढची चाकं मागच्या चाकांपेक्षा फूटभर वर गेली की हा कोन जवळजवळ गाठला. वर खड्ड्याने दिलेला हिसका वेगळाच. पेटी नसती तर पूर्ण ६ इंच, म्हणजे दुप्पट सूट मिळाली असती.

डावी-उजवीकडे कलण्याचा हिशोब याहून कडक आहे. एका बाजूचं चाक खड्ड्यात गेलं, की ट्रेलरची कड हौद्याच्या कडेकडे झुकते. ट्रेलरची कड किंगपिनपासून ४ फुटांवर, म्हणून ३ इंच संपायला आणखी थोडा कोन पुरतो. आडवी पेटी दोन्ही कडांपर्यंत पसरलेली असल्याने तिचे कोपरे आधी सापडतात. वळण, चढ आणि खड्डा एकाच ठिकाणी आले तर? कॅम्पग्राउंडच्या तोंडाशी बहुधा तिन्ही एकत्रच असतात!

झाकण उघडतं तरी कधी?

खरेदी करताना हा विचार फार थोडे लोक करतात. ट्रेलर जोडलेला असताना नाकाड पेटीवर असेल, तर वर उघडणारं झाकण चार बोटं उचललं जाईल आणि थांबेल. मग त्या पेटीत काय ठेवायचं, हे ‘कशाला किती जागा लागते’ यावर ठरत नाही. ‘कधी लागतं’ यावर ठरतं.

ट्रेलर सोडवण्याआधी त्याच्या चाकांना अडसर लावायचे असतात, नाहीतर सोडल्यावर तो चालू लागेल. ते अडसर ट्रेलर सोडवल्याशिवाय न उघडणाऱ्या पेटीत ठेवले तर काय उपयोग? हीच गोष्ट चाकांखाली घालायच्या पातळीच्या ठोकळ्यांची. हायवेवर टायर फुटतो तेव्हाही ट्रेलर जोडलेलाच असतो. म्हणून जॅक, चाकांचे नट सोडवायचा पाना, टॉर्क रेंच, हवेचा कॉम्प्रेसर, परावर्तक त्रिकोण आणि अग्निशामक नळकांडं या वस्तू हात घातल्याबरोबर सापडतील अशा जागी हव्यात. चाक बदलल्यावर पहिल्या ५० मैलांत नट पुन्हा तपासायचे असतात, म्हणजे टॉर्क रेंच एकदा वापरून आत ढकलून देता येत नाही.

ट्रकच्या पेटीत मग काय ठेवावं? मुक्कामी पोचल्यावर, ट्रेलर सुटा झाल्यावर लागणारं सामान: ग्रीस गन, जास्तीचे बोल्ट आणि फ्यूज, ओढायचे पट्टे, साखळ्या, पक्कड, हातोडी, पान्यांचा संच. सांडपाण्याचा पाइप आणि पिण्याच्या पाण्याचा पाइप एका पेटीत कधीही ठेवू नयेत, हे आपल्या स्वयंपाकघरी मनाला वेगळं सांगायला नको. पेट्रोलचा कॅन आणि गॅस सिलिंडर बंद पेटीत मुळीच नकोत. त्यांची वाफ किंवा गळती कोंडून राहते, आणि एका ठिणगीने अनर्थ होऊ शकतो.

वजन: ‘असू दे’चा हिशोब

आपण मराठी माणसं सामान बांधताना एक शब्द हमखास वापरतो: “असू दे.” लोणच्याची एक बरणी जास्त असू दे, पोळपाट-लाटणं असू दे, जुना पाना असू दे, लागेल कधीतरी. घरच्या गॅरेजमध्ये हे चालतं. ट्रकच्या हौद्यात ‘असू दे’चं वजन होतं.

ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर एक छोटं लेबल असतं. त्यावर टायरमधल्या हवेचा दाब लिहिलेला असतो आणि माणसं व सामान मिळून किती पौंडांच्या वर जायचं नाही, तो आकडा असतो. तोच आपल्या ट्रकचा पेलोड. जाहिरातीत झळकणारा ‘इतके हजार पौंड ओढतो’ हा आकडा वेगळा. ट्रक ओढू किती शकतो आणि पाठीवर वाहू किती शकतो, हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि फिफ्थ व्हील दोन्ही विचारतो. कारण ट्रेलरच्या वजनाचा साधारण १५ ते २५ टक्के भार किंगपिनवरून थेट हौद्यात उतरतो.

एक उदाहरण मांडून पाहू. लेबलवरचा आकडा २,७०० पौंड. भरलेला ट्रेलर १०,५०० पौंड. त्याचे २० टक्के धरले तर किंगपिनचा भार २,१०० पौंड. हिच १४० पौंड. नवरा-बायको मिळून ३१० पौंड. बेरीज २,५५०. शिल्लक १५० पौंड. आता ॲल्युमिनियमची मोठी रिकामी पेटी ९० पौंडांची धरा. हत्यारांसाठी उरले ६० पौंड. एक जॅक, एक पान्यांचा संच आणि साखळी ठेवली की संपले! कूलर, खुर्च्या, नातवाची सायकल अजून बाहेरच आहे.

काहीजण पेटी आणि डिझेलची जादा टाकी एकत्र असलेला प्रकार घेतात. डिझेल एका गॅलनला साधारण ७ पौंड भरतं. ४० गॅलन म्हणजे २८० पौंड, टाकीचं वजन वेगळं. वरच्या उदाहरणातल्या ट्रकला हे झेपणार नाही. मागे चार चाकं असलेल्या, ज्यांना इथे ‘ड्यूली’ म्हणतात, त्या एक-टनी ट्रकांत पेलोडला बरीच जागा असते. अशा टाक्या त्यांनाच शोभतात.

“मग हत्यारं ट्रेलरमध्ये ठेवू” हा उपाय अर्धाच खरा आहे. ट्रेलरच्या पुढच्या भागातल्या कप्प्यात ठेवलेलं सामान बव्हंशी किंगपिनवरच येतं. किंगपिनपासून ट्रेलरच्या ॲक्सलांचा मध्य २० फुटांवर आणि कप्पा ४ फुटांवर असेल, तर १०० पौंडांतले ८० पौंड ट्रकच्या पाठीवर येतात. ॲक्सलांच्या जवळच्या कप्प्यात ठेवलं तर जवळजवळ सगळा भार ट्रेलरच्या चाकांवर जातो. पण म्हणून सगळंच मागे ढकलू नये. किंगपिनवरचा भार फार कमी झाला, की ट्रेलरचा शहाणपणाही जातो.

हे अंदाजावर सोडायचं कारण नाही. हायवेवरच्या ट्रक-स्टॉपवर मालवाहू ट्रकांसाठी मोठे वजनकाटे असतात, आणि थोड्या डॉलर्समध्ये आपल्यालाही वजन करून मिळतं. एकदा ट्रेलर जोडून आणि एकदा ट्रेलर सोडून वजन करा. ट्रकच्या दोन्ही ॲक्सलांवर वाढलेला आकडा म्हणजे आपल्या किंगपिनचा खरा भार. कोलोरॅडोत डेन्व्हरच्या पश्चिमेला ११,००० फुटांवरच्या आयझेनहॉवर बोगद्यातून बाहेर पडलं, की आंतरराज्य ७० क्रमांकाचा रस्ता मैलोगणती उतरत जातो. तिथे ब्रेक, टायर आणि मागच्या ॲक्सलला लेबलवरचा आकडा माहीत असतो. तो आपल्यालाही माहीत असलेला बरा.

मग घ्यावी कुठली?

कडांवर बसणारी आडवी पेटी सगळ्यांत सोयीची, कारण बाजूला उभं राहून हात घालता येतो. ८ फुटी हौदा, ६ इंचांहून अधिक अंतर आणि बेताच्या उंचीचं झाकण असेल, तर ती चालते. दोन्ही बाजूंना पंखांसारखी उघडणारी झाकणं त्यातल्या त्यात उपयोगी. ट्रेलर जोडलेला असताना ती पूर्ण उघडली नाहीत, तरी कडेने हात आत जाण्याची शक्यता असते.

हौद्याच्या तळावर बसणारी, कडांच्या खाली राहणारी पेटी छोट्या हौद्यासाठी निर्धोक. हौदा साधारण २० इंच खोल असतो, त्यामुळे १८ इंच उंचीची पेटी काठाच्या आत राहते आणि ट्रेलरचे सहाच्या सहा इंच शाबूत राहतात. आमच्या साडेसहा फुटी हौद्यात हीच आहे. हिचा दोष एकच: हल्लीच्या मोठ्या ट्रकांच्या कडा छातीपर्यंत येतात. कडेवरून वाकून तळातली वस्तू काढणं साठीनंतरच्या कंबरेला मानवत नाही. फाळका उघडून हौद्यात चढायला एक मजबूत पायरी हवी. ती पायरीही वजनात धरा.

मागच्या चाकांमागे, फाळक्याजवळच्या कोपऱ्यात बसणाऱ्या आणि बिजागरीवर फिरून बाहेर येणाऱ्या छोट्या पेट्या मिळतात. त्यांत फार काही मावत नाही, पण हातमोजे, टायरचा दाबमापक, ग्रीस असं रोजचं सामान तिथे छान बसतं. हौद्याखाली चासीला टांगायची पेटी ट्रेलर जोडलेला असतानाही उघडते, म्हणून रस्त्यात लागणाऱ्या वस्तूंसाठी ती उत्तम. मात्र चिखल, हिवाळ्यातलं मीठ आणि जमिनीपासूनची उंची यांचा विचार करावा. हौद्याच्या लांबीला समांतर, कडांवर बसणाऱ्या बाजूच्या पेट्या फिफ्थ व्हीलखाली शक्यतो नकोत. ट्रेलर कलतो तेव्हा नेमक्या त्याच आड येतात.

पत्र्याबद्दल थोडं. ॲल्युमिनियमची चेकर्ड प्लेट हलकी आणि न गंजणारी, लोखंडी पेटी मजबूत पण जड. आपल्याकडे पौंडापौंडाची मारामारी असल्याने ॲल्युमिनियम बरं. ॲल्युमिनियम आणि लोखंडी हौदा थेट एकमेकांना टेकवू नका. पाणी आणि मीठ लागलं की जोडावर गंज धरतो. मध्ये रबराची पट्टी घाला. चकचकीत पृष्ठभागावरून ऊन आरशातून डोळ्यांत येतं, म्हणून काळा पावडर कोट घेतलेला चांगला. हौद्याला भोकं न पाडता आकड्यांनी आवळायची सोय बहुतेक पेट्यांत असते. ते आकडे दर प्रवासाआधी हाताने हलवून पाहावेत.

पुठ्ठ्याची पेटी

आणि आता सगळ्यांत स्वस्त सल्ला. पेटी घेण्याआधी तिच्याच लांबी-रुंदी-उंचीचं पुठ्ठ्याचं खोकं बनवा. आपल्या घरांत खोक्यांचा तुटवडा कधीच नसतो! ते हौद्यात नेमक्या जागी चिकटपट्टीने बसवा, झाकणाची उंचीही पुठ्ठ्याने दाखवा. रविवारी सकाळी रिकामं पार्किंग गाठा. एकाने गाडी चालवायची, दुसऱ्याने बाजूला उभं राहून बघायचं. आधी डावीकडे, मग उजवीकडे, अगदी हळू, जितकं वळता येईल तितकं. मग हलक्या चढावर. बघणाऱ्याच्या हाती वॉकीटॉकी असावी आणि “थांबा” या शब्दाचा एकच अर्थ आधी ठरवून घ्यावा. “अहो, जरा… तसं नाही… बघा हं…” एवढ्या वेळात ट्रेलर दोन फूट सरकतो.

पुठ्ठा दबला, तर दबलेली जागा मोजा. तेवढ्या इंचांनी पेटी बुटकी हवी किंवा सरकवायला हवी. नाहीच दबला, तर मोजमापं कागदावर लिहून दुकानात जा आणि दुकानदाराच्या कॅटलॉगऐवजी तो कागद पुढे करा.

पेटी बसली की काम संपत नाही, कारण ‘असू दे’ हळूहळू पुन्हा शिरतोच. आपल्याकडे दिवाळीआधी माळ्यावरची भांडीसुद्धा खाली उतरतात. त्याच साफसफाईत ही पेटीही रिकामी करावी. बाथरूममधला वजनकाटा गॅरेजमध्ये आणावा, एकेक वस्तू त्यावर ठेवावी आणि वजन झाकणाच्या आतल्या बाजूला लिहून ठेवावं. वर्षभरात एकदाही हाती न घेतलेली वस्तू घरीच ठेवावी. शेवटी बेरीज करून दारावरच्या लेबलशी ताडून पाहावी. जागा उरलीच, तर पहिला हक्क लोणच्याच्या बरणीचा.